डग्गा डिकीत बसलाय

नागपूर,
८ जून

प्रिय बाल्या,

तुझा फोन आला तेव्हा मी कूलरला खसच्या ताट्या बसवत होतो. एक हात ओला, दुसऱ्यात फोन. तू म्हणालास, "एका शब्दात सांग बे, गाडीला वूफर कोणता घेऊ?" मी "मग बोलतो" म्हणून ठेवून दिला. तुला वाटलं असेल मन्या भाव खाऊन राहिला. तसं नाही लेका. एका शब्दात सांगितलं असतं तर तू संध्याकाळी दुकानात जाऊन उभा राहिला असतास, आणि माझं जे झालं तेच तुझं झालं असतं. नवतपा संपला तरी दुपारी बाहेर पाय ठेववत नाही, म्हणून म्हटलं, बसून सगळं लिहूनच काढू.

मला मुळात मोठा आवाज नकोच होता. फुटाळा तलावावर पोरं डिक्या उघडून गाड्या उभ्या करायची आणि आपण चणे खात त्यांच्यावर हसायचो, आठवतं ना? तो शौक मला कधीच नव्हता. पण ही गाडी घेतली आणि एक गोष्ट ध्यानात आली. घरासमोर उभ्या गाडीत गाणं बरं वाटायचं, आणि वर्धा रोडला लागलो की ढोलकी गायब. उरायचा फक्त गाणाऱ्याचा गळा आणि झांजा. कारण साधं आहे. टायरची आणि रस्त्याची घरघर खालच्या पट्टीतलीच असते, ती गाण्याच्या खालच्या सुरांना गिळून टाकते. आपल्याकडे मोठे रस्ते सिमेंटचे झाल्यापासून तर विचारू नको. मग माणूस काय करतो, आवाज वाढवतो. दारातले स्पीकर फडफडतात, डोकं उठतं, ढोलकी तरी येत नाहीच. वूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, लावून ती पट्टी भरून काढली की एकूण आवाज उलट कमी ठेवता येतो. हे मी घरी समजावून सांगितलं. "वीस हजारांचा भोंगा लावून आवाज कमी करणार म्हणे," एवढंच उत्तर मिळालं.

गाडीबरोबर आलेला कंपनीचा म्युझिक सेट काढायचा नाही हे पक्कं होतं. रिव्हर्सचा कॅमेरा त्याच्यावर, स्टिअरिंगवरची बटणं त्याला जोडलेली. तो काढला की अर्धी गाडी मुकी. तुझ्याही गाडीत तेच असेल. त्या सेटच्या माहितीपत्रकात "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं, त्याच्यावर जाऊ नको. गाडी चालू असताना मिळतात जेमतेम १४ व्होल्ट. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात १८-२० वॉटच्या वर देता येत नाही, गणितच तसं आहे. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावायचा तो यासाठी. तो पोटात आधी १२ व्होल्टचे जास्त व्होल्ट करून घेतो आणि मग वूफरला ढकलतो.

आता माझी फजिती ऐक. मी एका दुकानात गेलो. नाव विचारू नको, शहर छोटं आहे. काउंटरवर १२०० वॉट छापलेला अ‍ॅम्पचा डबा होता, शेजारी १५०० चा. मी १५०० चा उचलणार तेवढ्यात मागच्या बाजूला बारीक अक्षरात दिसलं, आरएमएस २५०. म्हणजे सलग, न थकता तो देणार २५० वॉट. बाकीचे छापखान्याचे. तू पण तेवढाच आकडा बघ. २५० वॉट छोट्या गाडीला भरपूर होतात. तसंही वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात.

दुकानातल्या पोरानं दीड तासात सगळं बसवून दिलं. मला वाटलं काय हात आहे याचा! घरी येईपर्यंत स्पीकरमधून बारीक कुंईऽऽ ऐकू येऊ लागली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. बायको म्हणाली गाडीत डास शिरलाय. शनिवारी संध्याकाळी गाडी लावून ठेवली ती लावूनच ठेवली. सोमवारी सकाळी बाबांना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायला निघालो तर स्टार्टर नुसता टक् टक्. बॅटरी संपलेली. शेजारच्या काकूंच्या स्कूटरवर बाबा गेले, गॉगल लावून, आणि मला हात करून.

आपल्या महाल भागातल्या जुन्या घरामागे लाउडस्पीकरवाले काका राहायचे, गणपतीत ज्यांच्या भोंग्यांना आपण हात लावायचो आणि मार खायचो, ते. आता धंदा पोरगा बघतो, पण व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर अजून त्यांच्याच खिशात असतो. त्यांना गाडी दाखवली. बोनेट उघडून त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "फ्यूज कुठंय?"

मी म्हटलं, अ‍ॅम्पवर आहे की, ३० अँपिअरचा.

"तो अ‍ॅम्प वाचवते. वायर कोण वाचवते?"

बाल्या, या पत्रातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, पण हे विसरू नको. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर लाल वायर गेलेली असते. ती इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून आत येते. माझ्या गाडीत त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी कडीसुद्धा नव्हती, पत्र्याची धार थेट वायरवर. सहा महिने गाडी हादरली की वरचं प्लॅस्टिक सोललं जाणार, आणि तांबं पत्र्याला टेकलं की बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतणार. वायर पेटेल आणि मागच्या टोकाचा फ्यूज जसाच्या तसा राहील, कारण करंट तिथवर पोचतच नाही. म्हणून मोठा फ्यूज बॅटरीच्या शेजारी हवा, फार तर दीड फुटावर. काकांनी ४० अँपिअरचा लावला. वायरही बदलली, पोरानं अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली घातली होती. चाकूनं टोक खरवडलं की आत चांदीसारखं पांढरं दिसतं. पूर्ण तांब्याची, ८ गेज जाडीची घे. २५० वॉटचा डी क्लास (वीज कमी वाया घालवणारा) अ‍ॅम्प पूर्ण ताकदीवर २२-२३ अँपिअर ओढतो, त्याला ती पुरते.

कुंई निघाली अर्थिंगची. दुकानातल्या पोरानं काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूनं दाबून टाकली होती. काकांनी पॉलिश पेपरनं रंग खरवडून लोखंड चमकवलं, बोल्टखाली दातेरी वॉशर घातला, वायर हातभरच ठेवली. मी आळशीपणानं म्हटलं होतं, सीट बेल्टचा बोल्ट जवळ आहे, तिथंच बांधून टाकू. काकांनी अशी नजर दिली की मी पाणी आणायला गेलो.

आणि बॅटरी? अ‍ॅम्पला एक बारीक निळी वायर असते, रिमोटची. सेट चालू झाला की तिच्यात १२ व्होल्ट यायला हवेत आणि किल्ली काढली की जायला हवेत. पोरानं ती कायम चालू असणाऱ्या वायरला जोडलेली. अ‍ॅम्प गाणं नसतानाही अँपिअरभर पितो. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, वर नागपूरच्या उन्हानं आधीच अर्धमेली. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, तूच मोज. आता फ्यूजबॉक्समधून, किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरून ती घेतलीय.

सिग्नलचं तुला सोपं सांगतो. कंपनीच्या सेटला मागे आरसीएचे आउटपुट, म्हणजे अ‍ॅम्पला सिग्नल द्यायच्या गोल पिना, बहुतेक नसतात. स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घ्यायचा. एकतर मध्ये तो जोरदार सिग्नल कमी करणारी डबी, हाय-लो कन्व्हर्टर, लावायची, नाहीतर तो थेट झेपणारा, हाय लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्पच घ्यायचा. मी दुसरं केलं, एक डबी कमी. पण वायर कापू देऊ नको. तुझ्या सेटला बसणारं कपलर मागून घे, वॉरंटीवाल्यांशी वाद घालायला तोंड राहतं. पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळं कपलर दिसलं तर हातच लावू द्यायचा नाही, ती एअरबॅगची असतात. आणखी एक. काही सेट आवाज वाढवला की दारातले स्पीकर वाचवायला स्वतःच बेस कापतात. तुझा तसा आहे का हे आधीच ऐकून बघ. आवाज १० वर असताना ढोलकी भरलेली आणि २५ वर पोकळ, असं झालं तर समज.

मग गेन. त्या खुंटीला सगळे आवाजाची खुंटी समजतात, मी पण समजलो होतो, पूर्ण पिळून ठेवली होती. ती फक्त सेट आणि अ‍ॅम्पची पट्टी जुळवायला असते. काकांनी वूफर सोडवला, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सलग सूर लावला, सेटचा आवाज पाऊण ठेवला, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून अ‍ॅम्पच्या तोंडाला धरला. २५० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे हजार, त्याचं वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. काटा तिथं येईपर्यंत खुंटी फिरवली, बस. खुंटी अर्ध्यावरसुद्धा गेली नव्हती. त्याच्या पुढे पिळलं की आवाज वाढत नाही, फाटतो, आणि वूफरची कॉइल जळते. पैसे विचारले तर म्हणाले तर्री पोहे खाऊ घाल. दोन प्लेट खाल्ले, वरून तर्री तीनदा.

इथं मला वाटलं झालं काम. पण घरात बाबा आहेत.

तुला माहीत आहे, चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला. आता ७६ चे. मोबाइल वाजलेला ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. वयानं वरचे सूर आधी जातात म्हणतात, ते खरंच. खालचं मात्र सगळं येतं. मागच्या महिन्यात रामटेकला निघालो, ते पुढच्या सीटवर. मी आदल्या रात्री काकांनी लावून दिलेला फिल्टर, म्हणजे वूफरनं कुठल्या सुरापर्यंत वाजायचं ते ठरवणारी खुंटी, गुपचूप १२० हर्ट्झवर नेऊन ठेवला होता, म्हटलं जरा दणका वाढेल. भजन लावलं. कामठी गेली, कन्हान गेलं, बाबा गप्प. मग एकदम मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "तबलजी समोर बसलाय, आणि डग्गा काय डिकीत विसरून आला?"

मी हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. आवाज कुठून येतो हे कानाला कळतं ते वरच्या सुरांत. साधारण ८० हर्ट्झच्या खाली दिशा कळेनाशी होते, कारण तिथं आवाजाची एक लाट चार मीटरहून लांब आणि आपले दोन कान वीतभर अंतरावर. १२० पर्यंत वूफर वाजू दिला की तो मागून बोलतोय हे कळतंच. मनसरला चहाला थांबलो, डिकी उघडली, पेचकस घेऊन फिल्टर पुन्हा ८० वर आणला. बाबांनी ऐकलं. "पुढं आला. पण थाप पोकळ पडून राहिली." मग मी अ‍ॅम्पवरचं फेजचं बटण शून्यावरून १८० वर टाकलं. दारातले स्पीकर आत जाताना वूफर बाहेर येत असेल तर दोघं एकमेकांना खातात, ते असं उलटं करून जुळतं. पुन्हा भजन लावलं. ते काही बोलले नाहीत. मांडीवर बोटं चालू झाली.

रामटेकवरून येताना मात्र बोलले, "थोडा कमी कर. डग्गा गाणाऱ्याच्या अंगावर चढू नये." आता डॅशबोर्डखाली बेसची छोटी नॉब आहे ती त्यांच्याच ताब्यात. परवा मी हात लावला तर हातावर चापट मारली.

आता तुझं. तू फोनवर म्हणालास डिकीत सीएनजीची टाकी आहे, आणि तरी बारा इंची बॉक्स घ्यायचा विचार आहे. बॉक्स बसणार कुठं, टाकीच्या डोक्यावर? ते नकोच. टाकीजवळ जास्त करंटच्या वायरी नकोत, वर वहिनींच्या बॅगा कुठं जाणार? तू सीटखालचा घे. आठ इंची, पातळ, अ‍ॅम्प आतच असतो. माझ्या दहा इंची बॉक्सइतक्या खालच्या सुरांपर्यंत तो जात नाही, जमिनीतून येणारी थरथर मिळणार नाही. पण ढोलकी, डग्गा, बेस गिटार मिळेल, आणि तुला तेवढंच ऐकायचं असतं. उरलेल्या पैशांत पुढच्या दोन दारांच्या आत डॅम्पिंगची, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारी, शीट लावून घे. दुकानदार हे आधी सांगत नाहीत, त्यात त्यांना सुटत नाही. माझ्या गाडीत पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त बेस नंबर प्लेटनं दिला होता, कडकडकड. मागे फोमची पट्टी चिकटवली, गप्प झाली. सीटखाली घेण्याआधी तिथली मापं काढ, मागच्यांसाठी एसीची नळी असते कधी कधी, आणि पिवळी कपलरंही. रात्री दहानंतर सोसायटीत हळूच लाव. नियम तर आहेच, पण खालचे सूर भिंतीतून जातात आणि तुझ्या वरच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटतात हे तूच सांगितलं होतंस.

दुकानदारानं "साहेब, टेन्शन घेऊ नका" म्हटलं की बोनेट उघडायला लाव.

दिवाळीला समृद्धी महामार्गानं येशीलच. सरळसोट सिमेंटचा रस्ता, टायरची घरघर तासन्‌तास, तिथंच कळेल सेटिंग जमलं की नाही. बाबांना तू वूफर लावतोय हे सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं, "त्याचा डग्गा कुठं बसणार?" मी म्हटलं, सीटखाली. ते बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "येऊ दे, बसून बघतो."

वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
मन्या

ता. क. येताना तुझा मल्टिमीटर आण. काकांचा मी पाडला. त्यांना अजून सांगितलं नाही.