सुंभ गेला, पीळ राहिला

पुणे

प्रिय मोहन,

पत्र मिळालं. तोक्योत तुला एकच मोकळा दिवस आहे आणि तो उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात घालवायचं ठरवलंस, हे वाचून बरं वाटलं. फक्त एक गोष्ट ऐक. समोरच्या मुख्य इमारतीत तलवारी आणि पडदे बघण्यात सकाळ घालवू नकोस. फाटकातून आत गेलास की डाव्या हाताला, मागच्या बाजूला हेइसेइकान ही १९९९ साली उघडलेली इमारत आहे. तिच्या तळमजल्यावर जपानी पुरातत्त्वाचं दालन आहे, आधी तिथे जा. नेहमीच्या तिकिटात ते येतं. वरच्या मजल्यावर विशेष प्रदर्शन असलं तर त्याचं तिकीट वेगळं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर बहुधा मंगळवारी. वस्तू अधूनमधून बदलतात, काही दुरुस्तीला किंवा दुसऱ्या शहरात जातात. म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर त्या आठवड्याची यादी बघून घे. जिच्यासाठी गेलास तीच वस्तू नेमकी बाहेरगावी असणं, हे तिथे नवं नाही.

सोबत चौपट मोठं दाखवणारी, जवळचंही स्पष्ट दिसेल अशी एका डोळ्याची छोटी दुर्बीण ने. बरेच जपानी प्रेक्षक ती बाळगतात. फोटो काढता येतात, पण फ्लॅश नको, आणि ज्या पाटीवर मनाईची खूण असेल ती वस्तू सोडून दे. आता कसं बघायचं ते विचारलंस, तर एवढंच सांगतो: चेहऱ्याकडे कमी बघ, सांध्याकडे, भोकांकडे आणि तळाकडे जास्त.

सुरुवातीला दगडी हत्यारं आहेत. तिथे फार रेंगाळू नकोस, पण दोन गोष्टी लक्षात ठेव. काळ्या काचेसारखा दिसणारा दगड म्हणजे ऑब्सिडियन. त्यातला काही कोझुशिमा बेटावरचा आहे. सुमारे ३८,००० वर्षांपूर्वी माणसं तो समुद्र ओलांडून मुख्य बेटावर आणत होती. दुसरी गोष्ट, याहून कितीतरी लाख वर्षं जुनी म्हणून मिरवलेली हत्यारं एके काळी जपानी पाठ्यपुस्तकांत होती. २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये माइनिची वृत्तपत्राने छायाचित्रांनिशी दाखवलं की एक हौशी संशोधक रात्री-पहाटे स्वतःच ती जुन्या थरांत पुरत होता. मग तपासणी झाली, तेव्हा त्या दगडांवर लोखंडी अवजार घासल्याचे गंजाचे ओरखडे सापडले. शेताच्या वरच्या मातीतून उचललेला दगड नांगराची खूण अंगावर घेऊन येतो, खोल थरातला आणणार नाही. एवढं साधं कुणी पंचवीस वर्षं नीट बघितलं नव्हतं, याचं अजूनही नवल वाटतं.

मग जोमोन काळ. दिवसाचा निम्मा वेळ इथे दे. जोमोन म्हणजे दोरीची नक्षी. एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला १८७७ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून ओमोरीचा शिंपल्यांचा ढीग दिसला. त्यात निघालेल्या खापरांचं त्याने जे वर्णन केलं त्यावरून हे नाव आलं. नक्षी दोरीची हे कळलं, तरी ती नेमकी कशी उठवली हे कळायला १९३१ साल उजाडलं. त्या वर्षी पुरातत्त्वज्ञ यामानोउची सुगाओ यांनी दाखवून दिलं की दोरी मडक्याभोवती गुंडाळलेली नाही, नुसती दाबलेलीही नाही. बोटभर लांबीचा पिळलेला तुकडा ओल्या मातीवर तळहाताखाली लाटण्यासारखा फिरवलेला आहे.

जायच्या आधी घरीच करून बघ. जाड सुताचा वीतभर तुकडा घे, एका बाजूने घट्ट पीळ दे, मधोमध दुमड आणि सोड. दोन्ही पदर आपोआप उलट्या दिशेने एकमेकांवर चढतील. टोकाला गाठ मार. आता नेहमीपेक्षा घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर हा तुकडा आडवा ठेवून तळहाताने पुढे लाट. तांदळाच्या दाण्यांसारखे तिरके ठसे ओळीने उमटतील. कणीक सैल असली तर दोरी चिकटते आणि ठसे बुजतात, फार कोरडी असली तर काहीच उठत नाही. कुंभारणीलाही हीच अडचण होती, म्हणून माती थोडी सुकेपर्यंत थांबावं लागे. उलट्या पिळाचा दुसरा तुकडा करून शेजारच्या पट्ट्यात लाटलास की माशाच्या काट्यासारखी नक्षी होते. संग्रहालयात ती दिसली की ओळख, दोन वेगळ्या पिळांच्या दोऱ्या वापरल्या आहेत. दोऱ्या केव्हाच कुजून गेल्या, पण कोणता पदर कुठल्या दिशेने पिळला होता हे आजही खापरावर वाचता येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. तिथे ती अक्षरशः खरी आहे. ठसा नीट दिसावा म्हणून समोर उभा राहू नकोस, एका बाजूला सरक. प्रकाश तिरका पडला की दाणे उठून दिसतात.

ही सारी भांडी चाकाशिवाय केलेली आहेत. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, आतून-बाहेरून बोटांनी सांधायच्या, आणि उघड्यावर, आपल्या आव्यासारखं, लाकडं रचून भाजायच्या. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमारास तांबड्यावर काळी नक्षी केलेली जोर्वे भांडी चाकावर होत होती. तेव्हा जपानात चाक नव्हतं, पण भांडी घडवण्याची परंपरा मात्र त्याआधी दहा-बारा हजार वर्षं चालू होती. वळ्यांची भांडी फुटतात ती बहुधा सांध्यावर, आडवी. अशा फुटलेल्या कडेला बोटांनी गुळगुळीत केलेला आतला भाग उघडा पडतो आणि ती मूळ काठासारखी दिसते. उत्खननात नवशिके तिथे हमखास फसतात. जोमोनच्या सुरुवातीच्या काळातल्या काही भांड्यांत माती धरून राहावी म्हणून गवताचे तंतू मळलेले असतात. भाजताना ते जळतात, आणि खापराची कड मध्ये काळी, दोन्ही बाजूंनी तांबडी दिसते. जोडलेल्या भांड्यात अशी कड कुठे उघडी असेल तर चुकवू नकोस.

सगळे गर्दी करतात ती ज्वाळेच्या आकाराच्या भांड्यापुढे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची ही घडण निइगाताच्या शिनानो नदीच्या खोऱ्यातली. काठावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे चार उंच उठाव, मधे करवतीसारखे दाते. गंमत अशी की ‘जोमोन’ म्हणून जगभर ज्याचं चित्र छापतात, त्या भांड्यावर दोरीची नक्षी जवळपास नसतेच. सगळं काम चिकटवलेल्या आणि खोदलेल्या रेघांचं. आणि हे काही देवघरातलं भांडं नव्हे. अशा भांड्यांच्या आत करपलेल्या अन्नाचा थर सापडतो. एवढे तुरे सांभाळत त्यात रांधायचं म्हणजे ढवळणारीची कसरतच. चुलीवर चढलेलं भांडं ओळखायचं तर बाहेर बघ: वरच्या अंगाला काजळी, आणि खाली, जिथे आच थेट लागते, तिथे काजळी जळून गेलेला तांबूस पट्टा.

आता दुरुस्तीकडे बघ. जवळजवळ प्रत्येक भांड्यात प्लॅस्टरने भरलेली जागा आहे. ती मातीसारखी रंगवतात, पण नक्षी अचानक सपाट होते किंवा रंग फार एकसारखा दिसतो, तिथे भराव समज. अख्खं दिसणारं भांडं कधी कधी तुकड्यांएवढंच प्लॅस्टरही असतं. जुन्या दुरुस्त्यांत भरावाचा रंग मूळ खापरावरही फासला जाई, तो आता काढायचा म्हणजे मोठं जिकिरीचं काम.

त्याच भागात दोगू, म्हणजे मातीच्या मूर्ती आहेत. आओमोरीतल्या कामेगाओका इथे १८८७ मध्ये सापडलेली, मोठाल्या डोळ्यांची बाई तू पुस्तकांत पाहिली असशील. उंची सुमारे ३४ सेंमी, आतून पोकळ, डावा पाय नाही. बर्फावरच्या उजेडापासून डोळे वाचवायला इनुइट लोक चिरेचा चश्मा घालतात, तसे डोळे म्हणून तिला ‘प्रकाश अडवणारी’ असं नाव पडलं. आज तो चश्मा कुणी मानत नाही. मिटलेले डोळे वाढवून दाखवलेत, असं मानतात. तरी नाव चिकटलं ते चिकटलं. तिच्या गावाजवळच्या किझुकुरी स्टेशनच्या दर्शनी भिंतीवर तिची सतरा मीटर उंच प्रतिकृती आहे, आणि इमानाने तीही एका पायावर उभी आहे. मूर्ती मुद्दाम मोडत असत, असं सगळीकडे ऐकशील. यामानाशीच्या शाकादो इथे हजाराहून जास्त तुकडे निघाले, एकाच मूर्तीचे भाग दूर दूर सापडले, हे खरं. पण मान, कंबर, पाय हे सांधेच मुळात नाजूक असतात आणि पडल्यावर तिथेच तुटतात. प्रत्येक तुटक्या पायात विधी बघायची घाई मला पटत नाही.

हाडांच्या वस्तू कमी का, असं तुला वाटेल. ज्वालामुखीची माती आम्लधर्मी, ती हाडं खाऊन टाकते. शिंपल्यांच्या ढिगात चुना असतो, म्हणून गळ, भाले, दागिने तिथूनच मिळतात.

जोमोननंतरच्या यायोई काळात भात आला, धातू आला. इथे दोताकू या काशाच्या घंटांपुढे थांब. शिगा प्रांतात १८८१ साली निघालेली एक घंटा १३४.७ सेंमी उंच आणि ४५.४७ किलो वजनाची आहे, माहीत असलेल्यांत सगळ्यात मोठी. सुरुवातीच्या लहान घंटांना आत लोळी असे. अशा घंटेच्या तोंडाशी आतून एक उंचवटा असतो. तो झिजलेला असेल तर घंटा खरोखर वाजत होती. पुढे त्या वाढत गेल्या, वाजवायच्या राहिल्या नाहीत, नुसत्या बघायच्या झाल्या. अंगावर वर आणि मधे चौकोनी भोकं दिसतील, तळाच्या काठाला खाचा. ती नक्षी नव्हे. ओतताना आतला गाभा आणि बाहेरचा साचा यांत सारखं अंतर राहावं म्हणून जे टेकू ठेवत, तिथे धातू पोचला नाही, त्या या जागा. आजचा हिरवा रंग पुरल्यानंतरचा. नवी असताना घंटा पितळी भांड्यासारखी झळकत असणार. कागावा भागात सापडल्याचं सांगितली जाणारी एक ४२.७ सेंमीची घंटा ‘राष्ट्रीय ठेवा’ आहे, म्हणजे सरकारने सर्वोच्च दर्जा दिलेली. तिच्यावरच्या चौकटींत उखळात कांडणारी माणसं, खांबांवरचं कोठार, कुत्रे घेऊन केलेली डुकराची शिकार, चतुर नावाचा उडता किडा अशी चित्रं आहेत. दुर्बीण इथे काढ.

मग टेकाडांसारख्या मोठ्या थडग्यांचा काळ. त्यातले आरसे आणि मणी झटपट बघ. एका तलवारीपाशी मात्र थांब. कुमामोतोच्या एता-फुनायामा थडग्यात १८७३ मध्ये सापडलेली, पाठीवर चांदीने जडवलेली ७५ अक्षरं. राजाच्या नावाची नेमकी तीच अक्षरं गंजाने खाल्लेली, त्यामुळे बराच काळ ते दुसऱ्याच सम्राटाचं नाव म्हणून वाचत. १९७८ साली साइतामाच्या इनारियामातल्या एका गंजक्या तलवारीचा क्ष-किरण फोटो काढला, तर सोन्याची ११५ अक्षरं उमटली. त्यात ४७१ हे मानलं जाणारं वर्ष आणि ‘वाकाताकेरु’ राजा. मग कुमामोतोची तुटकी अक्षरंही त्याच नावात बसली. वस्तू जागची हलली नाही, अर्थ मात्र शंभर वर्षांनी पालटला. इनारियामाची तलवार साइतामात, नायट्रोजन भरलेल्या पेटीत आहे, कारण हवेतला दमटपणा लागला की लोखंड पुन्हा फुगायला लागतं.

शेवटी हानिवा, थडग्यांच्या टेकाडांवर उभे केलेले मातीचे पुतळे. गुन्माच्या ओता इथला चिलखती योद्धा १३०.५ सेंमी उंच आहे, सहाव्या शतकातला, आणि १९७४ साली राष्ट्रीय ठेवा झालेला पहिला हानिवा. समोरून बघून झालं की मागे जा: चिलखताच्या पट्ट्या बांधणाऱ्या गाठी एकेक करून केल्या आहेत. २०१७ ते २०१९ या काळात तो पूर्ण सुटा करून पुन्हा जोडला, तेव्हा अंगावर पांढऱ्या, तांबड्या आणि राखाडी रंगाचे अंश मिळाले. म्हणजे हा विटकरी रंगाचा गंभीर गडी मुळात चांगलाच रंगीबेरंगी होता. २०२४ च्या शरदात त्याचे चार भाऊ, म्हणजे तसेच योद्धे, त्याच्यासोबत प्रथमच एकत्र आणले, त्यातला एक सिॲटलहून आला. एकाच कारागिरांच्या गटाने ते घडवले असं मानतात. हानिवांच्या अंगावर बारीक समांतर रेघा असतात, लाकडी फळीच्या कडेने माती खरवडल्याच्या. फळीच्या शिरा सारख्या उमटल्या, तर दोन पुतळे एकाच कारखान्यात झाले हे ओळखता येतं. खालचा साधा नळकांडी भाग मातीत गाडलेला असे, म्हणून तो घासूनपुसून केलेला नाही. पेट्यांत बारीक पारदर्शक दोरे दिसले तर ते भूकंपासाठी आहेत.

त्यांच्याजवळ, दुरुस्ती होऊन २०२४ मध्ये परतलेली, साइतामाच्या नोहाराची जोडी असेल. तोंडाचा आ, डोळ्यांची दोन भोकं, एक हात वर. सगळे त्यांना ‘नाचणारी माणसं’ म्हणतात. पण एकाच्या कमरेला मागच्या बाजूला विळा खोचलेला आहे, आणि हात वर धरलेला, काही ओढत असल्यासारखा. त्यामुळे ते नाचत नसून घोड्याचा लगाम धरून चाललेत, असं आता बरेच जण म्हणतात. तो विळा समोरून दिसत नाही. वळसा घालून बघ, आणि लगाम वाटतो की नाच, ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद