कोरमअभावी तहकूब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या नागरी सहकारी बँका मोठ्या बँकांत विलीन करून टाकाव्यात, असा सूर हल्ली वरचेवर कानावर येतो. बडोदेकराला तो पटणं जरा अवघडच. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी इथे 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली ती १८८९ साली. देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ मध्ये, आणि बँक ऑफ बडोदा १९०८ मध्ये. शेजाऱ्याने शेजाऱ्याला जामीन राहण्याची रीत आपल्या गावात या दोन्हींच्या आधीची आहे.

त्या रीतीचं काम अजून संपलेलं नाही. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला तेल, बेसन, डबे यासाठी गणपतीच्या सुमारास पैसा लागतो. तिच्याकडे ना आयकराचं विवरणपत्र, ना तारण. मोठ्या बँकेच्या संगणकात ती बसत नाही, आणि तिथले साहेब ओळख होईतो बदलून जातात. दांडिया बाजारातल्या छोट्या बँकेत मात्र दोन जामीनदार उभे केले की काम होतं, कारण जामीनदाराचं दुकान रोज उघडतं की नाही हे कर्जखात्यातल्या कारकुनाला येता-जाता दिसतं.

पण हीच ओळख गळ्याशीही येते. २००१ साली माधवपुरा मर्कंटाइल बँक बुडाली तेव्हा गुजरातभर सहकारी बँकांसमोर लागलेल्या रांगा आमच्या पिढीला आठवतात. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ पासून बंदी घातली, बँकिंग कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने तिचे अधिकारही वाढले. चांगलंच झालं. तरी मुंबईत बसलेला तपासनीस गल्लीतलं किती बघणार? ते बघायचं सभासदांनी. शेअर दहा असोत की दहा हजार, मत एकच. म्हणजे हक्क आहे, फक्त तो वापरायला कोणी येत नाही. वार्षिक सभेला अध्यक्ष घड्याळाकडे बघतात, कोरमअभावी, म्हणजे पुरेसे सभासद न आल्याने, सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. या सभेला कोरमची अट नसते. 'मंजूर, मंजूर' म्हणेपर्यंत बटाटेवडे येतात आणि लाभांशाचा टक्का ऐकून मंडळी घरी जातात.

ठेवीदारांतही गैरसमज भरपूर. ठेवींवरचा पाच लाखांपर्यंतचा विमा (४ फेब्रुवारी २०२० पूर्वी तो एकच लाख होता) एका बँकेतल्या सगळ्या शाखांतली एका नावाची मुद्दल आणि व्याज मिळून असतो. रावपुऱ्यात एक पावती आणि मांडवीला दुसरी केल्याने तो दुप्पट होत नाही. पतपेढीतल्या ठेवीला तर हा विमा मुळीच नाही, मग दारावरची पाटी कितीही बँकेसारखी दिसो.

सप्टेंबरअखेर सभांचा हंगाम आहे. बँकांनी अहवाल वेळेत, मराठी आणि गुजराती दोन्हींत घरपोच करावा, आणि सभा कामाच्या दिवशी भर दुपारी न ठेवता रविवारी सकाळी घ्यावी. सभासदांनी ताळेबंदाचं पान उघडून दोनच गोष्टी विचाराव्यात: निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं) गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला, आणि सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा अडकला आहे?

आपला,
एक सभासद, दांडिया बाजार, बडोदे