खुले पत्र : मंत्री महोदय, तलावाची रात्र परत करा

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण शब्द आपण मराठीत दिला होता. गेल्या वर्षी इथे इंदुरात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात, आरती झाल्यावर, माईक हातात घेऊन आपण म्हणालात, "मावशी, पुढच्या पावसाळ्यात तलावावरचे मोठे दिवे रात्री दहानंतर बंद राहतील आणि नाल्याचं तोंड मोकळं होईल." मांडवात टाळ्या पडल्या. हिंदीत दिलेल्या माझ्या अर्जांचं काय झालं ते कोणी सांगत नाही, म्हणून आता चारचौघांसमोर विचारते.

परवा रात्री पहिला दणदणीत पाऊस झाला. नाल्याला लोंढा आला आणि तलावातले मासे अंडी घालायला चढणीला लागले. त्यांना वर जायची वाट कुठे आहे? नाल्याच्या तोंडाशी आपल्या सौंदर्यीकरणाची सिमेंटची भिंत उभी आहे. मासे तिच्या पायथ्याशी गोळा झाले आणि ठेकेदाराच्या माणसांनी तिथे जाळं टाकलं. माद्यांची पोटं गाभोळीनं तट्ट फुगलेली होती. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, हा नियम १९७२ पासूनचा आहे. तो मोडताना त्या लोकांना टॉर्चसुद्धा लागला नाही, कारण आपले दिवे लख्ख जळत होते. मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. उत्तर मिळालं, "मैडम, पानी उतर जाए तब फोन करना." दुसऱ्या दिवशी सकाळी काठावरची बाभूळ तोडली गेली. कॅमेऱ्याच्या आड येत होती म्हणे. तिच्यावर सुगरणीचे खोपे होते, काही अर्धे विणलेले, काहींत मादी बसायला लागलेली.

आपल्याला वाटत असेल, दिवा लागला म्हणून पाखराचं काय बिघडतं? मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आहे, म्हणून सांगते, ऐका. इंदुरात सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांचा. एवढ्याशा फरकावर पाखरांचं अख्खं वर्ष चालतं. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात ऐन हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत, जंको नावाच्या चिमण्यांच्या पिंजऱ्यात संध्याकाळी बल्ब लावले आणि नरांची वृषणं वसंतासारखी वाढली. फ्रान्समध्ये बेन्वा यांनी दाखवलं की डोळे काढलेल्या बदकालाही दिवस वाढल्याचं कळतं, कारण उजेड कवटीतून थेट मेंदूच्या आतल्या पेशींपर्यंत पोचतो. पाखरानं डोळे मिटून घेतले तरी तो उजेड आत जातोच.

पुढचं आता जपानी लाव्यावरच्या कामातून कळलं आहे. दिवस पुरेसा मोठा झाला की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या देठाजवळून थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक सुटतं. त्यामुळे मेंदूच्या त्या कोपऱ्यात थायरॉक्सिनचं क्रियाशील रूप तयार होतं. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून जीएनआरएच हे संप्रेरक, त्याच्या हुकमानं पीयूषिकेतून एलएच आणि एफएसएच ही जननेंद्रियांना चेतवणारी संप्रेरकं, आणि मग वृषणं आणि अंडाशय शेकडो पटींनी वाढतात. हंगाम संपला की ते आक्रसून जातात, कारण उडणाऱ्या जिवाला वर्षभर ते वजन परवडत नाही. सुगरणीच्या नराची पिवळी टोपी, गायबगळ्याचा केशरी रंग, कमळपक्ष्याची लांब शेपटी, हे सगळं या हंगामाबरोबर येतं आणि जातं. पिल्लांची चोच उघडेल तेव्हा गवतावर किडे असले पाहिजेत, एवढ्यासाठी ही घड्याळं लाखो वर्षांत जुळत आली आहेत.

आता आपले दिवे. जर्मनीत ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्री फक्त ०.३ लक्स उजेड दिला (लक्स हे उजेड मोजायचं माप). भर पौर्णिमेचं चांदणं फार तर तेवढंच असतं. तेवढ्यानं त्यांची जननेंद्रियं महिनाभर आधी तयार झाली आणि पुढच्या वर्षी, त्याच उजेडात ठेवल्यावर, तयारच झाली नाहीत. माझ्या खिडकीत मोबाईलवरचं ॲप दहाच्या वर लक्स दाखवतं. ॲप चुकत असेल, तर आपला अभियंता मीटर घेऊन येऊ दे. मी चहा करीन, त्यानं आकडा लिहून सही करावी. आणि हे कळायला शास्त्रज्ञ तरी कशाला हवा? अंडी देणाऱ्या कोंबड्यांना सोळा तास उजेड लागतो, हे महूकडचा कोणताही पोल्ट्रीवाला सांगेल. तो त्याचे दिवे मोजूनमापून लावतो. आपण तलावावर नुसते ओतले आहेत.

माशांचं तर त्याहून नाजूक. रोहू, कटला, मृगळ यांच्या अंड्यांची वाढ उन्हाळ्यात होते, पण शेवटचा टप्पा अडकून राहतो. मेंदूतून येणारं डोपामिन नावाचं रसायन त्याला ब्रेक लावून धरतं. लोंढ्याचं ताजं, गार, गढूळ पाणी आलं की तो ब्रेक सुटतो आणि काही तासांत अंडी पडतात. पाणी वाहिलंच नाही, वाट बंद असली, तर अंडी मादीच्या पोटातच जिरून जातात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळला हिरालाल चौधरी यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून कार्प माशांना तळ्यातच अंडी घालायला लावली. पुढे डोपामिनचा ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं आली. त्यावर या देशाचा मत्स्योद्योग उभा राहिला आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यपालक दिन झाला. त्या दिवशी आपण बादलीतून मत्स्यबीज सोडतानाचा फोटो काढून घेता. ज्या तलावात मासे स्वतः वीण करायला निघाले होते, त्याचं तोंड भिंतीनं बंद करायचं आणि मग सरकारी पैशानं त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची, हा हिशेब मला समजावून सांगा. रात्रीच्या उजेडाचंही तेच. पर्च माशांवर जर्मनीत प्रयोग झाले, त्यात एका लक्सनंही रात्रीचं मेलाटोनिन दबलं. अंधार किती लांब आहे हे शरीराला सांगणारं संप्रेरक हेच.

आणि हेच संप्रेरक माणसाचंही आहे, मंत्री महोदय. माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे. आमची झोपायची खोली तलावाच्या बाजूला आहे, दुसरी खोली नाही. जाड पडदे लावले तर जूनच्या उकाड्यात त्यांचा जीव कासावीस होतो. पडदे उघडले तर पांढरा उजेड थेट तोंडावर. रात्र रात्र ते डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडतात आणि मी त्यांच्याकडे बघत बसते. डॉक्टरांनी मेलाटोनिनच्या गोळ्या दिल्या आहेत. अंधारात शरीर जे फुकट तयार करतं, ते मी पेन्शनमधून विकत आणते. माझे गुडघे गेले आहेत. तरी मी आपल्या कार्यालयाच्या जिन्यावर बसले आहे, पाणीसुद्धा न विचारलेल्या बाकावर बसले आहे. तिथल्या एका साहेबांनी मला विचारलं, "आंटी, पक्षियों के लिए इतना क्यों?" मी उत्तर दिलं नाही. घरी येऊन रडले.

दोष एकट्या आपला असता तर पत्र इथेच संपलं असतं. तलाव एका खात्याचा, दिव्यांचं बिल दुसऱ्याचं, झाडं तिसऱ्याची, मासे चौथ्याचे आणि पाखरं वनखात्याची. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण फीत कापायची असते तेव्हा पाचही खात्यांची नावं एकाच फलकावर मावतात. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर हे तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला उदयपूरबरोबर पाणथळ शहराचा मान मिळाला, देशातली पहिली दोन शहरं. मला अभिमान वाटला, पेढे वाटले मी. होळकरांच्या काळात बांधलेल्या तळ्यांवर हा मान मिळाला आहे. यशवंत सागरावर सारस येतात म्हणून जगाला सांगायचं आणि वस्तीतल्या तळ्याला स्टेडियम करायचं! २०१७ पासून स्वच्छतेत आपण पहिले. मग हा उजेडाचा कचरा कोणत्या गाडीत टाकायचा? त्याला घंटागाडी नाही, त्याला टेंडर आहे. या राज्यातली हजारो मुलं दरवर्षी नीटच्या परीक्षेत अधश्चेतक आणि पीयूषिका घोकून घोकून लिहितात. त्यांतली काही अधिकारी होऊन याच कार्यालयांत बसतात, आणि फाईलवर सही करताना त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. आपण शिकवतो ते काय, आणि राज्य चालतं ते कशावर?

मी दिव्यांच्या विरुद्ध नाही. सराफ्यात पहाटेपर्यंत लावा, लोक खायला येतात, येऊ देत. तलावाच्या वाटेवर बायकामुलींना भीती वाटू नये म्हणून खाली झुकलेले, झाकण असलेले, पिवळसर दिवे ठेवा. पण पाण्यावर आणि झाडांवर रोखलेले ते उंच दिवे रात्री दहाला बंद झाले पाहिजेत, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर एकही दिवस अपवाद नको. नाल्याच्या तोंडाची भिंत फोडा, या पावसाचा अजून एखादा लोंढा बाकी असेल. बंदीच्या काळात जाळं टाकणाऱ्यांवर गुन्हा नोंदवा, आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्यावरही. बाभूळ तर गेली. उरलेल्या दोन शिंदींवर खोपे आहेत, त्यांना हात लागला तर मी खाली जाऊन बसेन, गुडघे असोत नसोत.

उत्तर लेखी हवं आहे, तारीख आणि सही-शिक्क्यासह. गणपती जवळ आले आहेत. मंडळाचं आमंत्रण आपल्याला या वर्षीही जाईल, आणि मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

आपली,
तलावाकाठची एक रहिवासी
इंदूर