रिंगच्या पाठीला गम नको

मा. संपादक,

गणपती-दिवाळी जवळ आली की भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये खण किंवा जुन्या साडीचे काठ ताणून भिंतीवर लावायच्या शोभेच्या वस्तूंच्या कृती पुरवण्यांमधून छापून येतात. चित्रे सुंदर असतात, पण शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी एकच: ‘उरलेले कापड मागे दुमडून ग्लू गनने चिकटवा.’ आमचा आक्षेप या ओळीला आहे.

रिंगमधले कापड कायम ताठ राहत नाही. पावसाळी हवेत ते सैल पडते, मध्ये पोटासारखा फुगा येतो. कडा मोकळ्या असतील तर स्क्रू ढिला करून, कापड पुन्हा ओढून पाच मिनिटांत काम होते. चिकटवलेले कापड मात्र ओढताही येत नाही आणि काढून धुताही येत नाही. पांढरा गम पातळ सुती कापडातून झिरपून पुढच्या बाजूला कडक डाग पाडतो. ग्लू गनचा गम उन्हे येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात मऊ पडून सुटू लागतो.

त्याऐवजी धावदोरा घालावा. आठ इंची रिंगसाठी बारा इंचांचा चौकोन कापावा. कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री केलेले हवे, नाहीतर नंतर धुताना आटते आणि भरलेल्या नक्षीभोवती चुण्या पडतात. लाल, मरून रंगाचे कापड असेल तर एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग उतरत असेल तर त्यावर पांढरा दोरा वापरूच नये.

आतल्या रिंगवर कापड पसरून बाहेरची रिंग बसवा आणि स्क्रू अर्धाच आवळा. मग वर-खाली आणि डावी-उजवीकडे, म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याच्याच दिशेने ओढा. उरेब, म्हणजे कोपऱ्यांच्या दिशेने, ओढले की धागे तिरके होतात. साध्या कापडावर ते खपून जाते, पण खणाची नक्षी ओळीने येते, त्यामुळे कडेच्या ओळी लगेच धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसतात. मधला बुट्टा मध्यावर आहे ना, हे स्क्रू पूर्ण आवळायच्या आधीच पाहावे. शेवटचे दोन फेरे पेचकसाने द्या. बोटांनी तेवढा जोर लागत नाही. टिचकी मारल्यावर टणक आवाज आला पाहिजे. रेशमी कापड घसरत असेल तर आतल्या रिंगला अर्धा इंच रुंदीची सुती पट्टी घट्ट गुंडाळावी. आठ इंची रिंगला अडीच-तीन मीटर पुरते. पैठणीचा जाड काठ असेल तर रिंग एक आकार मोठी घ्यावी. जोर करून बसवली तर काठाची जरतार मोडते आणि बांबूची रिंग सांध्यावर उकलते.

आता रिंगच्या बाहेर दीड इंच ठेवून कापड गोल कापा. कडेपासून पाव इंचावर दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला, थैलीचे तोंड आवळतात तसा खेचा आणि पक्की गाठ मारा. खणाची कड फार विसविसते, म्हणून तिथे पाव इंचाऐवजी अर्धा इंच सोडावा. पाठीला फेल्टची चकती हवी असेल तर ती बाहेरच्या रिंगपेक्षा थोडी लहान कापून धावदोऱ्याच्या चुण्यांना काजाच्या टाक्याने जोडावी. उसवायची वेळ आली तर एक दोरा कापला की झाले.

भरतकाम करून लावणार असाल तर सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर चार-सहा इंची रिंगला पुरतात. देठाचा टाका तीन पदरांत उठून दिसतो. मागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत लांब दोरा ओढत नेऊ नये. फिक्या कापडातून तो सावलीसारखा दिसतो. नक्षी पाण्याने जाणाऱ्या पेनने काढली असेल तर आधी थंड पाण्यात धुवा, मगच इस्त्री करा. उष्णतेने शाई पक्की बसू शकते. इस्त्रीच्या उष्णतेने उडणाऱ्या पेनचे उलटेच आहे. कडाक्याच्या थंडीत त्याच्या रेघा परत उमटतात, तेव्हा कॅनडातल्या लेकीला पाठवायच्या वस्तूवर तो पेन नको. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून करावी, म्हणजे गाठीचे टाके चपटे होत नाहीत.

कोकणात आणि मुंबईत स्क्रूचा गंज कापडावर उतरतो. पितळी स्क्रूची रिंग मिळाली तर उत्तम, नाहीतर कापड चढवण्याआधी स्क्रूवर रंगहीन नेलपॉलिशचा हात द्यावा. ओल येणाऱ्या भिंतीवर मात्र काहीच टिकत नाही, तिथे रिंग लावूच नये. दहा, आठ आणि सहा इंची रिंग एकत्र लावायच्या असतील तर रद्दीचे गोल कापून आधी भिंतीवर चिकटवून पाहा, मग खिळे ठोका. दोन रिंगमध्ये दोन इंच जागा पुरे.

एक विनंती. कृतीसोबत रिंगचा आकार आणि त्यासाठी कापायच्या कापडाचे माप जरूर छापावे. ‘गरजेनुसार कापड’ एवढेच लिहिले की वाचक रिंगच्याच मापाचे कापड कापतात आणि मागे दुमडायला काही उरत नाही. मग गम लावण्यावाचून इलाज नसतो.

– भरतकाम शिकवणाऱ्या काही वाचक, पुणे