डोक्यावरचे ठिपके

नाशिक, मंगळवार

प्रिय बापू,

तुझ्या दिवाळीतल्या पत्राला उत्तर नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात. कुंभमेळ्याच्या खोदाखोदीत फिरणं बंद आहे, तेवढाच गुडघ्याला आराम.

लिहायला बसलो ते हरसूलच्या पिंगळ्यामुळे. हसू नकोस.

रविवारी एक पोरगा आला. कॉलेजात आहे, त्र्यंबक-पेठ बाजूच्या पक्ष्यांच्या जुन्या नोंदी गोळा करतोय. अण्णांनी पाठवला. (अण्णांना माझ्याशिवाय कोणाचं नाव सुचतच नाही.) त्यानं एक झेरॉक्स पुढे ठेवली, माझ्याच अक्षरातली: 'रानपिंगळा, १, हरसूलच्या अलीकडे, दुपारी सव्वाबारा, मार्च २००३.' खाली पाहणाऱ्यांची नावं. माझं आणि तुझं.

तुझं नाव मी तुला न विचारता घातलं होतं. हे तुला आज कळतंय.

तू तर तेव्हा सागाखाली उभा राहून घसा फोडत होतास, "अरे, साधा ठिपकेवाला आहे, ऊन खातोय!" माझं म्हणणं, भरदुपारी उघड्या फांदीवर साधा पिंगळा कशाला बसेल? छाती सलग तपकिरी, पायांवर पांढरी पिसं, मला सगळं दिसत होतं. दुर्बीण एकच, ती माझ्या गळ्यात. मागितलीस तेव्हा पक्षी उडालेला. त्र्यंबकपर्यंत तू गाडीवर मागे बसून एक शब्द बोलला नाहीस आणि टपरीवर तुझ्या चहाचे पैसे वेगळे दिलेस. दोन रुपयांसाठी तो तोरा!

नामशेष झाला म्हणून सोडून दिलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याला परत सापडला तेव्हापासून माझ्या डोक्यात तोच. शहाद्याला आहे तर आपल्या सागात का नसावा? बापू, मी बघायला नव्हतोच गेलो, सापडवायला गेलो होतो.

पोरानं फोटो मागितला. माळ्यावरून अल्बम काढला. फोटोत पिंगळा चिंचोक्याएवढा. भिंग लावलं. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, आणि या महाशयांच्या माथ्यावर ठिपके. बुरशी असेल म्हणून पुसून पाहिलं. थोडी बुरशी होती, निघाली. बाकीचे ठिपके राहिले.

त्या रात्री झोप नाही. तूच सांगितलेला तो इंग्रज पक्षी-संग्राहक मायनर्टझहागेन आठवत राहिला. डेव्हिडसनसाहेबानं खानदेशात मारलेला पिंगळा ब्रिटिश म्युझियममधून ढापला, नव्यानं पेंढा भरला आणि '१९१४, मांडवी' अशी चिठ्ठी लावून आपला म्हणून मिरवला. त्या चिठ्ठीवर विसंबून जाणती माणसं गुजरातेत शोधत फिरली. ती खोटी ठरल्यावर, १८८४ पर्यंतच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी लोक गेले तेव्हा पक्षी दिसला. ११३ वर्षांनी! आपण त्या साहेबाला किती हसलो होतो. मी चोरी केली नाही एवढंच, चिठ्ठी तशीच.

आणि उद्या तिथे खरंच रानपिंगळा निघाला तरी माझी नोंद काही खरी होत नाही. हे तुलाच पटेल. हिला सांगितलं तर म्हणते, घुबडासाठी कुणी जेवण टाकतं का?

काल पोरगा परत आला. चार मित्र घेऊन येत्या रविवारी तिकडे निघालाय. "सर, तुमच्या जागेपासूनच सुरुवात करतो." मी काय केलं? त्याला चहा पाजला आणि म्हणालो, फोटो शोधून ठेवतो. फोटो तेव्हा उशीखाली होता. पूर्वी पिंगळा पहाटे दारात येऊन पुढचं सांगायचा, हा आमचा वीस वर्षांनी मागचं सांगायला आलाय.

मुक्ताचं ठरलं हे वहिनींकडून कळलं. फार बरं वाटलं, लग्नाला येतोच. पेन्शनचा घोळ मिटला का? दाताचं काय केलंस?

आता काम. तुझी निळी वही आहे ना अजून? त्या दिवशी टपरीवर तू रागारागानं काहीतरी खरडत होतास. ते पान शोध, फोटो काढ आणि शनिवारच्या आत पाठव. म्हणून तर कुरिअर करतोय, फोनवर हे माझ्याच्यानं बोलवलं नसतं. काय लिहिलं असशील याचा अंदाज आहे, शिव्या असल्या तरी राहू देत. माझा फोटो आणि तुझं पान, दोन्ही एकदम पोराच्या हातात ठेवतो.

आणि एक सांग. नोंदीवरचं तुझं नाव खोडू, की पुढे 'असहमत' लिहून राहू देऊ?

तुझा,
नाना