पावसात चादरी कुठे वाळवायच्या तेवढं सांगा

संपादक महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत होमस्टेवर पानभर लेख होता, रिकाम्या खोल्यांतून घरबसल्या कमाई अशा टाइपचं हेडिंग, फोटोत कौलारू घर, तुळस, टेबलावर चहाचा कप. छान होता. पण 'घरबसल्या' वाचून मी आणि माझी जाऊ एवढ्या हसलो की सासूबाई आतून बघायला आल्या काय झालं ते. कारण त्या वेळी आम्ही दोघी मागच्या पडवीत एक डबल चादर दोन टोकांना धरून पिळत होतो, लाईट गेलेली, मशीन अर्ध्यावर बंद, अकराला खोली रिकामी झालेली आणि दोनला दुसरे पाहुणे दारात.

आमचं घर गोव्यात पेडणे तालुक्यात, मांद्र्याच्या बाजूला. तीन खोल्या देतो, १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली रीतसर रजिस्टर केलेल्या, सात वर्षं झाली. लोक मला होमस्टेवाली म्हणतात पण खरं विचाराल तर दिवसातला निम्मा वेळ मी धोबीणच असते. आणि यावर कोणी बोलत नाही. मी एका ट्रेनिंगला गेले होते, दोन दिवसांचं, त्यात फोटो कसे काढायचे, बुकिंग कसं घ्यायचं, पाहुण्यांशी कसं हसून बोलायचं, सगळं शिकवलं, चादरींचा विषय मीच काढला तर सर म्हणाले ते काय बायकांना येतंच. येतं ना. घरच्या पाच माणसांचे कपडे येतात. दर तिसऱ्या दिवशी अनोळखी माणूस झोपून गेलेली पांढरी चादर परत नव्यासारखी करणं ही वेगळी गोष्ट आहे.

हिशेब सांगते. एका खोलीला एक चादर, एक दोहर, उशांचे चार अभ्रे, दोन मोठे टॉवेल, एक हात पुसायचा, एक पायपुसणं. लाँग वीकेंड संपला की सोमवारी तिन्ही खोल्या एकदम बदलतात, म्हणजे दहा-बारा किलो कपडा. मशीन सात किलोचं, पण त्यात सात किलो कोंबलं की चादरींचा गोळा होतो आणि मधला भाग धड भिजतही नाही, शिवाय टॉवेल वेगळे लावावे लागतात नाहीतर त्यांची लव चादरींना चिकटते, म्हणून तीन लोड. जुनं वरून कपडे टाकायचं मशीन एका लोडला शंभर-सव्वाशे लिटर पाणी सहज ओढतं. आता ज्यांना तिळारी धरणाच्या कालव्याला भगदाड पडलं की आपल्याकडचे नळ कसे कोरडे पडतात हे माहीत आहे त्यांनी स्वतःच गुणाकार करावा. तेव्हा मग विहिरीचं पाणी वापरायचं, आणि त्या विहिरीनेच मला एकदा असं फसवलं की अजून लाज वाटते.

झालं असं. तिसऱ्या वर्षीची गोष्ट, पुण्याचं एक जोडपं आठवडाभर राहिलं होतं, रोज समुद्रावर जायचं, यायचं, आंघोळ करून आडवं व्हायचं. चौथ्या दिवशी चादर बदलून धुतली तर तिच्यावर मोठे केशरी-पिवळे डाग, बरोब्बर माणूस झोपतो त्या जागी, खांद्याला आणि मानेला. मला वाटलं चहा सांडला. ब्लीच घातलं, दोन तास भिजवलं, तर डाग आणखी पक्के, गंज चढल्यासारखे. मी पाचशे रुपये डिपॉझिटमधून कापले. त्या बाई एवढंच म्हणाल्या की आम्ही दोघंही चहा पीत नाही हो, आणि गप्प पैसे दिले.

नंतर चतुर्थीला आमच्या वाड्यावरचा एक जण आरतीला आला होता, तो एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कित्येक वर्षं काम करतो. त्याला ती चादर दाखवली. त्याने हातात पण घेतली नाही, लांबूनच विचारलं, वयनी, विहिरीचं पाणी ना? आणि वर ब्लीच घातलं असणार. म्हणाला हे सनस्क्रीन. त्यात एव्होबेन्झोन नावाचं एक केमिकल असतं, ते पाण्यातल्या लोखंडाशी मिळालं की गंजासारखा डाग धरतं, आणि आपली जमीन म्हणजे जांभा, चिऱ्याची लाल माती, विहिरीच्या पाण्यात लोह असायचंच. चादर खराब दिसतच नाही, धुतल्यावर दिसते! आणि क्लोरीनवालं ब्लीच घातलं की तो डाग जातो कुठला, बसतोच. म्हणजे डाग पाहुण्यांनी नाही, मी पाडला होता, माझ्या विहिरीने आणि माझ्या ब्लीचने. पाचशे रुपये परत द्यायला फोन लावला तर नंबर लागला नाही.

त्याने सांगितलेला उपाय इथे देते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. असा डाग दिसला की ब्लीचला हात लावायचा नाही. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात सुटं मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून डागावर अर्धा तास ठेवायचं, मग खळखळून धुवायचं आणि मगच साबण. घरचं लिंबू आणि मीठ लावून उन्हात टाकलं तरी चालतं, वेळ जास्त लागतो. फक्त ब्लीच आणि हे आंबट कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तर जीवावर बेतेल. ब्लीचबद्दल अजून एक, ते रोज सेप्टिक टँकमध्ये गेलं तर टँकमधले मैला कुजवणारे जंतूच मरतात आणि मग टँक भरायला लागतो, तेव्हा कपड्यांचं पाणी टँकमध्ये सोडूच नये. आम्ही साध्या साबणाचं पाणी पाइप टाकून माडांच्या मुळाशी सोडतो, ब्लीचचं तिथेही नाही.

हळदीचं उलट. पाहुणे रात्री खोलीत हुमण म्हणजे माशाची आमटी आणि भात खातात (नको म्हटलं तरी खातात) आणि हात चादरीला. साबण लावला की तो डाग लालभडक होतो आणि नवीन मुलगी असली तर घाबरून ओरडते, पण ते काही नाही, हळद साबणाच्या खाराने लाल होते, धुऊन कडक उन्हात एक दिवस टाकलं की फिकी पडत पडत जाते. काजळ, मेंदी, केसांचा रंग यांच्यासाठी मी आता प्रत्येक खोलीत एक काळा नॅपकिन ठेवते आणि शेजारी मराठी-इंग्रजीत चिठ्ठी, काळं काळ्याला पुसा. तेव्हापासून पांढऱ्या टॉवेलांचं आयुष्य वाढलं. पांढरंच का ठेवतेस, रंगीत घे ना, असं मिस्टर म्हणतात. पण पांढरं सगळं एकत्र गरम पाण्यात टाकता येतं, रंग लागायची भीती नाही, आणि फोटोत पाहुण्यांना पांढरंच पाहिजे असतं.

वाळूचं तर विचारू नका. अंगणात नळ, नळाखाली दगड, दगडाशेजारी तांब्या, तरी वाळू पलंगात येतेच. एकदा मशीन पाणी सोडेना म्हणून खालची जाळी उघडली तर मूठभर वाळू, एक शिंपली, दोनाचं नाणं आणि केसाची क्लिप.

बाकीची कामं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही. सहाला पोदेर म्हणजे पाववाला पों-पों करत येतो, त्याच्याकडून पाव आणि उंडे, पातळ भाजी, चहा, परदेशी पाहुणा असला तर आल्यापासून चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, खोल्या झाडणं पुसणं. एक मात्र बदललंय. ५ जानेवारी २०२३ ला मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं सुरू झाली आणि आमच्याकडे रात्र-दिवस हा फरकच राहिला नाही, कोणी दीडला उतरतो, कोणाला साडेतीनला निघायचं असतं. धंद्याला चांगलं आहे, तक्रार नाही. पण पहाटे साडेतीनला रिकामी झालेली खोली दुपारी दुसऱ्याला द्यायची तर चादर आपली वाळायला पाहिजे ना.

आणि इथेच खरी अडचण. ऑक्टोबर ते मेपर्यंत ऊन आहे, चादर अंगणात तासाभरात कडक होते, मी कोणाकडे काही मागत नाही. पण आता सगळीकडे पावसाळी पर्यटन, पावसात गोवा बघा. पाहुणे येतातही, हिरवं बघायला, धबधब्यांना. आमच्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि पाऊस नसतो तेव्हाही हवा अशी ओली की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. जुलैत चादर पडवीत तीन दिवस लटकते आणि तिसऱ्या दिवशी वाळत नाही, फक्त वास बदलतो. तो कुबट वास साबण कमी पडला म्हणून येत नाही, कपडा फार वेळ ओला राहिला की त्यात जंतू वाढतात त्याचा असतो, त्यामुळे वर अत्तर-बित्तर शिंपडून काही होत नाही, परत धुवायचं. कंफर्ट-सॉफ्टनर जास्त घातलं तर टॉवेल मऊ लागतो पण पाणीच टिपत नाही, तोही नाद मी सोडला.

सासूबाईंच्या वेळी चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवायचे, घरच्यांना धुराच्या वासाचं काही नव्हतं. पाहुण्याला तसं कसं देणार? त्या दर पावसाळ्यात एकदा तरी म्हणतात, "पावसात पावणे कित्याक घेता गो?" आणि खरं सांगायचं तर त्यांना उत्तर देता येत नाही.

मी काय काय केलं नाही. मशीनमध्ये दोनदा स्पिन मारते, मधल्या खोलीत दोऱ्या बांधून खाली टेबल फॅन लावते, खोलीमागे चादरींचे तीन सेट होते ते पावसासाठी चार केले. ड्रायरचा विचार केला, तर एका लोडला दोन-तीन युनिट वीज, आणि पावसात लाईट कधी असते? शिवाय तीन खोल्यांसाठी एवढं मशीन परवडत नाही. (तोच हॉटेलवाला सांगत होता की मालिशच्या तेलाचे टॉवेल नीट धुतले नाहीत आणि ड्रायरमधून काढून गरमागरम ढीग करून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात, तेव्हा ज्यांच्याकडे ड्रायर आहे त्यांनी थंड करून घड्या घाला.) मग एका बाहेरच्या लाँड्रीला दोन महिने कपडे दिले. गाडी दारात यायची, किलोवर रेट, सगळं ठीक, पण गेलेल्या चादरींतली एखादी कमीच यायची, आणि एकदा माझ्या दोहरीच्या जागी कुठल्यातरी हॉटेलचं नाव विणलेली दोहर आली. मी परत पाठवली, माझी काही आली नाही. मोठ्या हॉटेलांचे शेकडो नग, त्यात आमच्यासारख्यांचे वीस कुठे शोधणार ते, त्यांचंही बरोबर. शेवटी प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचे तीन टाके घातले, जुने मडवळ म्हणजे धोबी कपडे ओळखायला खूण करायचे तसे. सासूबाई म्हणाल्या, बघ, फिरून परत तिथेच आलीस.

तर माझं म्हणणं एवढंच की होमस्टे वाढवायचे असतील, गावागावातल्या बायकांनी खोल्या द्याव्यात असं सरकारला आणि तुमच्या पेपरला वाटत असेल, तर एका गावाला नाही पण चार-पाच गावांना मिळून एक सामायिक लाँड्री पाहिजे. दोन मोठी मशीनं, दोन ड्रायर, पावसातही वारा खेळेल अशी उंच शेड, आणि चालवायला बचतगट, किलोवर पैसे. बचतगटांना लोणची-पापडांपलीकडे काही देतच नाहीत, इथे वर्षभराचं काम आहे. ज्यांच्या एक-दोन खोल्या आहेत त्या बायका पावसाळ्यात बोर्डच काढून ठेवतात, माझ्या ओळखीतल्या तिघींनी यंदा काढला, आणि तिघींचंही कारण एकच, कपडे वाळत नाहीत. आणि ट्रेनिंगमध्ये एक दिवस नुसता धुण्याचा ठेवा, शिकवायला हॉटेलच्या लाँड्रीतला माणूस बोलवा, फोटोवाले सर नकोत.

मांद्रे, मोरजी, हरमल, केरी या बाजूला कोणाच्या दोन-चार खोल्या असतील आणि अशी लाँड्री काढायची तयारी असेल तर पेपरमार्फत कळवा. जागा आमच्या घरामागे आहे, पूर्वी भात मळायचे ते खळं, वर पत्रे घातले की झालं. पहिल्या मशीनचे निम्मे पैसे मी घालते. थ्री-फेज कनेक्शनसाठी मात्र दहा जणांच्या सह्या घेऊन जायला पाहिजे, एकटीला कोण विचारतो.

आपली,
एक होमस्टेवाली, पेडणे