आखाजीला येतेय, त्याआधी गोळीबद्दल

आई, बाबा,

आखाजीला नक्की येतेय, पण चार बायका जमल्या की बाळाच्या गोळीवरून काय बोलणं होणार ते मला आत्ताच ऐकू येतंय, म्हणून आधीच लिहून टाकते.

आई तू म्हणतेस पोरगी एवढी गुटगुटीत, हसरी, मग एवढ्याशा जिवाला रोज गोळी कशाला. अगं ती हसतेय तेच गोळीमुळे! तिची थायरॉईडची ग्रंथी गळ्यात जागेवर नाहीच, जिभेच्या मुळाशी इवलीशी अडकलीय, पोटात असताना खाली सरकायची राहिली, त्यात ना माझ्या खाण्याचा दोष ना ग्रहणाचा. त्या ग्रंथीचं हार्मोन तिला पुरत नाही, तेच गोळीतून द्यायचं. जन्मली तेव्हा धडधाकट दिसली कारण माझं थोडं हार्मोन नाळेतून मिळत होतं. बारशाला सगळ्या म्हणत होत्या ना किती गुणी, रडतच नाही, दुधाला पण उठवावं लागतं? ती सुस्ती होती. आवाज घोगरा होईपर्यंत, पोट साफ न होण्यापर्यंत वाट बघितली असती तर मेंदूचं नुकसान होऊन बसलं असतं आणि ते नंतर भरून येत नाही.

बाबा, तिसऱ्या दिवशी टाचेला टोचलं म्हणून तुम्ही चिडलात, पण टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं रक्तातलं हार्मोन, तो जन्मल्या जन्मल्या सगळ्याच बाळांचा चढतो, तो उतरल्यावरच खरं कळतं. आपल्याकडे साधारण हजारात एखाद्या बाळाला हे असतं, तपासलं नाही तर कळतच नाही. पंधरा दिवसांच्या आत औषध सुरू झालं हे आपलं नशीब.

मोठ्या काकूंना सांगा, सातपुड्याकडे बायकांना गलगंड व्हायचा तो आयोडीन कमी पडून, हे वेगळं आहे, मीठ बदलून काही होणार नाही.

गोळी सकाळी चमच्यात चुरून माझ्या दुधात कालवून लगेच द्यायची, बाटलीभर दुधात नाही, सगळं पोटात गेलं की नाही कळत नाही. लोहाचे, कॅल्शियमचे थेंब त्यानंतर चार तासांनी. घुटी नकोच. पहिली तीन वर्षं मेंदू घडायची, एक दिवस खाडा चालणार नाही, आणि हिची ग्रंथी जागेवरच नाही म्हणजे गोळी बहुतेक जन्मभर. वजन वाढेल तसा डोस बदलतो, म्हणून मधे एकदा रक्त तपासायला जळगावला जाऊन येईन, बाबा तुम्ही चला सोबत.

आणि गोळ्या पत्र्याच्या खोलीत ठेवायच्या नाहीत, आपल्याकडचं वैशाखातलं ऊन माहितीये ना, खराब होतात. माठाशेजारी पण नको, ओल लागते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट मोकळं करून ठेव आई.

तुमची,
ताई